अमूर्त जलरंगचित्र कसं बघावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रदर्शनातल्या अभिप्रायाच्या वहीत, मेलवर, आणि चित्रासमोर उभं राहून कानाशी कुजबुजत लोक जे विचारतात, त्यातले हे प्रश्न. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे फक्त क्रमांक दिलाय.

१. अमूर्त जलरंगचित्र म्हणजे नेमकं काय? निसर्गचित्र पुसट काढलं की ते अमूर्त होतं का?

ज्यात ओळखीची वस्तू, माणूस किंवा जागा दाखवायची नाही आणि जे जलरंगात कागदावर केलंय, ते. धुक्यातला घाट पुसट काढला तर ते पुसट निसर्गचित्र झालं; घाट अजून तिथेच आहे. मधली हद्द मात्र सरकती आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला चित्रकार पाउल क्ले १९१४ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियाला गेला होता. त्या प्रवासातल्या त्याच्या जलरंगांत घरं, भिंती, घुमट रंगाच्या चौकोनांत विरत जातात. काहींत एखादा घुमट ओळखता येतो, काहींत नुसते चौकोन आणि वर्तुळं उरतात. तिथे रेघ ओढून वाटणी करायचा अट्टहास कशाला?

जलरंग म्हणजे कुठला रंग, हेही विचारलं जातं. रंगद्रव्याची बारीक पूड गम अरेबिक या डिंकात घोटलेली असते; पाण्यात ती सुटते आणि कागदावर पातळ, पारदर्शक थर बसतो. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी पोस्टर कलर वापरलेले असतात. ते अपारदर्शक. त्यामुळे ‘जलरंग’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी येतं.

२. मला चित्रकलेतलं काही कळत नाही. समोर उभं राहून बघायचं तरी काय?

तीन-चार पावलं मागे उभं राहा आणि नजर आधी कुठे जाते ते बघा: सगळ्यात गडद जागेकडे, एखाद्या लाल ठिपक्याकडे, की मोकळ्या कागदाकडे. तिथून ती कुठे सरकते? काही चित्रं नजरेला एका कडेने बाहेर सोडतात, काही फिरवून परत आणतात.

मग जवळ जा. दोन रंग जिथे भेटतात अशी एकच जागा निवडा. समजा पिवळ्यावरून निळा गेलाय. हिरव्या झालेल्या भागात पिवळ्याची कड धारदार दिसत असेल, तर पिवळा पुरता वाळल्यावर निळा लावलाय. कड विरघळली असेल तर पिवळा ओला होता. आणि निळा दातेरी होऊन पिवळ्यात घुसला असेल, तर पिवळा अर्धवट वाळलेला होता आणि ब्रशमध्ये पाणी जास्त होतं. म्हणजे आधी काय, नंतर काय, मधे साधारण किती वेळ गेला, हे सगळं कागदावर नोंदलेलं असतं. तैलरंगात चित्रकार खालचं झाकून टाकू शकतो. जलरंगात खालचा थर वरच्यातून दिसतच राहतो. माझ्या मते खरी मजा इथे आहे. वस्तूच नाही म्हटल्यावर समोर उरतो तो चित्रकाराने घेतलेल्या निर्णयांचा क्रम, आणि तो साध्या डोळ्यांनी वाचता येतो.

त्यानंतर कागद बघा. खडबडीत पोताच्या (‘रफ’) कागदावर ब्रश कोरडा ओढला की उंचवट्यांनाच रंग लागतो, खळगे पांढरे राहतात. अल्ट्रामरीन निळा पातळ करून लावला की उलटं होतं: त्याचे कण खळग्यांत जाऊन बसतात आणि लांबून सपाट वाटणारा भाग जवळून दाणेदार दिसतो. थॅलो निळ्याचे दाणे असे दिसत नाहीत, तो कागदातच मुरतो. एवढं झालं की परत मागे जा. पहिल्यांदा नजर जिथे गेली तिथेच आता जाते का?

३. याचा अर्थ काय? चित्रकाराला काय सांगायचंय?

‘रागाचा अर्थ विचारता का?’ असं उलट विचारून समोरच्याला गप्प बसवायची आपल्याकडे रीत आहे. ती मला पटत नाही. वेळ काढून आलेल्या माणसाचा प्रश्न रास्त आहे. एका वाक्यात सांगता येईल असा निरोप चित्रात बहुधा नसतो. असता तर त्याने वाक्यच लिहिलं असतं. चित्रकारापुढचे प्रश्न निराळे असतात: हा थंड (निळसर) करडा केवढा पसरू द्यायचा, त्यात एक गरम (तांबडा-पिवळा) ठिपका खपेल का, डावीकडचा भार उजवीकडे कशाने तोलायचा. काहींच्या मनात सुरुवातीला ठोस काही असतं, पाऊस, एखादं मरण, एखादी बंदिश. ते समजलं तर चित्राजवळ जायला मदत होते. नाही समजलं तरी काही अडत नाही.

चित्रकार हजर असेल तर ‘अर्थ काय?’ऐवजी ‘सुरुवात कुठून केलीत?’ किंवा ‘आता झालं, असं कधी वाटलं?’ हे विचारून बघा. बहुतेक जण मग बोलायचे थांबतच नाहीत.

४. पाण्याने रंग आपोआप पसरतो. मग यात कौशल्य कुठे आहे?

पसरतो आपोआप, किती, कधी आणि कुठवर, हे आपोआप ठरत नाही. कागदावर पाणी चकाकतंय तोवर टेकवलेला रंग दूरवर पळतो आणि फिका होतो. चकाकी गेलीय, पण कागद बोटाला अजून गार लागतोय, अशा वेळी लावलेला रंग मऊ कड धरून जवळपासच राहतो. हा मधला वेळ मे महिन्यात नागपुरात बघता बघता निघून जातो आणि जुलैत रत्नागिरीत संपता संपत नाही. पंखा चालू ठेवायचा की बंद, बोर्ड किती तिरका धरायचा, ब्रश फडक्याला किती टिपायचा, हे हाताला माहीत असावं लागतं. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका पडतो. म्हणजे हवा त्यापेक्षा गडद लावायचा, तोही अंदाजाने.

आणि सगळ्यात अवघड काम थांबण्याचं. ब्रश पुन्हा पुन्हा फिरला की खालचे रंग उठतात, एकमेकांत कालवले जातात आणि चित्राचा चिखल होतो. चिखल झालेला कागद धुऊन थोडाफार उजळतो, पण पहिला ताजेपणा परत येत नाही. म्हणून बऱ्याच जलरंगकारांकडे पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा साठलेला असतो: एका बाजूला फसलेलं चित्र, दुसऱ्या बाजूला रंग तपासण्याचे फटकारे.

५. फुलकोबीसारख्या फुललेल्या कडांचे डाग दिसतात. ते चित्र बिघडलेलं असतं का?

त्याला ब्लूम किंवा बॅकरन म्हणतात. अर्धवट वाळलेल्या भागात जास्तीचं पाणी शिरलं की ते रंगाचे कण पुढे ढकलत नेतं आणि थांबतं तिथे दातेरी काठ सोडतं. नितळ आकाश रंगवणाऱ्याचा यात घात होतो. अमूर्त चित्रात मात्र हे अनेकदा मुद्दाम घडवलेलं असतं. मुद्दाम की चुकून, हे बघायचं तर त्या डागाची दखल बाकी चित्राने घेतलीय का ते शोधा. पुढचा फटकारा त्याच्याजवळ येऊन थांबलाय? तसा काठ आणखी कुठे आलाय? चुकून पडलेल्या डागाभोवती चित्र रचलं गेलं, असंही सर्रास होतं.

काठाला बारीक गडद रेघ असलेला डाग वेगळा. चहाचा थेंब वाळल्यावर काठाला तपकिरी रेघ राहते, तोच हा प्रकार: कडेचं पाणी आधी उडतं, आतलं पाणी तिकडे धावतं आणि जाताना रंग घेऊन जातं.

६. खरं सांगू? हे माझा नातूही काढेल.

एखादं काढेलही. लहान मुलांचे जलरंग कित्येकदा सुरेख असतात. क्लेने तर आपली लहानपणची काही चित्रं स्वतःच्या कामाच्या यादीत नोंदवून ठेवली होती. फरक एका कागदावर कळत नाही, दहा कागदांवर कळतो. नातवाला तोच परिणाम पुन्हा आणायला सांगा, किंवा एक गोष्ट बदलून बाकीचं तसंच ठेवायला सांगा. अर्थात, प्रदर्शनात लागलेलं सगळंच चांगलं असतं असं मुळीच नाही. ओल्या कागदावर दोन झगमगीत रंग सोडून फ्रेम केलेली, जागोजागी तशीच दिसणारी चित्रं पुष्कळ असतात, आणि त्यांच्याबाबतीत तुमची शंका बरोबर आहे.

७. अर्ध्याहून जास्त कागद कोराच आहे. काम अपुरं राहिलंय का?

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. उजेड कागदाचा असतो. रंगाच्या पातळ थरातून तो परत आपल्याकडे येतो. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र आपण निदान कॅलेंडरवर तरी पाहिलेलं असतं. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते जलरंगातलं आहे हे थोड्यांना ठाऊक असतं. (ते रविवर्म्याचं समजणारे अजूनही भेटतात.) ज्योतीआड धरलेल्या बोटांतली ती लाली तैलरंगातली नाही.

अमूर्त चित्रात कोऱ्या जागेवर याहून जास्त भार असतो, कारण तिथे ती आकाश किंवा भिंत म्हणून खपून जात नाही. ती एक आकार म्हणून उभी राहते. कोऱ्या भागाची कड बोटाने हवेत गिरवून बघा. ती कड नेमकी, विचारपूर्वक राखलेली वाटली तर जागा ठेवलेली आहे. रंग संपला तिथे संपला असं वाटलं, तर उरलेली आहे.

८. मला त्यात घोडा दिसतोय. हे चूक आहे का?

नाही. डोळ्यांची खोडच आहे ती. फक्त घोडा सापडला म्हणून बघणं संपवू नका. घोड्याचं ‘पोट’ ज्या तांबूस रंगाचं आहे तो तिथे काय करतोय, हे अजून बघायचं राहिलंय.

९. शीर्षकाच्या जागी नुसतं ‘अनटायटल्ड’ का लिहितात?

‘पहिला पाऊस’ असं लिहिलं की लोक पाऊस शोधून पुढे जातात, म्हणून. काहींच्या बाबतीत निव्वळ आळस म्हणून. याच्या उलट क्लेची शीर्षकं मिश्किल, काव्यमय असत आणि ती तो चित्राखालच्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने लिहायचा. पाटी चित्र बघून झाल्यावर वाचावी, एवढाच सल्ला.

१०. जगातलं पहिलं अमूर्त जलरंगचित्र कोणाचं?

स्पर्धा परीक्षेचं उत्तर: रशियन चित्रकार वासिली कांडिन्स्की, १९१०. भानगड त्यापुढे सुरू होते. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहातला हा साधारण ५० बाय ६५ सेंटिमीटरचा कागद आहे. पेन्सिल, जलरंग आणि काळी शाई. त्यावर १९१० हे साल आहे खरं, पण अनेक अभ्यासकांच्या मते ते मागाहून घातलेलं आहे आणि चित्र १९१३ मधलं, ‘कॉम्पोझिशन ७’ या मोठ्या तैलचित्राच्या तयारीतलं आहे. त्याआधी स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंटने १९०६ पासून अमूर्त चित्रं काढायला सुरुवात केली होती. आणखी मागे जायचं तर लंडनच्या जॉर्जियाना हॉटनने जलरंगात केलेली वेटोळ्यांची दाट चित्रं १८७१ मध्ये प्रदर्शनात मांडली होती. आत्मे आपला हात चालवतात असं ती सांगायची, त्यामुळे कलेच्या इतिहासाने तिला बराच काळ दाराबाहेरच उभं केलं.

पहिलं कोण, या शर्यतीत मला फारसा रस नाही. पण कांडिन्स्कीचा तो कागद बघाच. त्याला मध्य नाही, क्षितिज नाही. लाल, निळे, तपकिरी डाग एकीकडे आणि शाईच्या बारीक रेघा दुसरीकडे. रेघ डागाला कुंपण घालत नाही आणि डाग रेघेचं ऐकत नाही. रेघेने आकार आखायचा आणि रंगाने तो भरायचा, हा शाळेत शिकलेला संसार तिथे मोडलेला दिसतो.

११. आपल्याकडे असं काम कोणी केलंय? कुठे बघायला मिळेल?

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचं नाव आधी घ्यावं लागतं. जन्म नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं. गाजली ती त्यांची रोलर आणि पॅलेट नाइफने केलेली तैलचित्रं, पण सुरुवातीच्या काळात त्यांनी कागदावर जलरंगात काम केलं आणि त्यात क्लेचा ठसा दिसतो. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. जे. जे.मध्ये शिकून तिथेच शिकवलेल्या प्रभाकर कोलते यांनीही जलरंगात अमूर्त काम केलंय. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशचे. पुढे ‘बिंदू’साठी ओळखले गेलेले रझा १९४० च्या दशकात मुंबईच्या रस्त्यांचे जलरंग करत होते. ते अमूर्त नाहीत, पण इमारतींचे रंगाचे ठोकळे व्हायला लागलेले दिसतात.

मुंबईत काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२) आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, कावसजी जहांगीर हॉलमधली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा (१९९६). पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन. जहांगीरला प्रदर्शनं सतत बदलतात आणि चित्रकार बहुधा स्वतः बसलेला असतो, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाच्या शेवटी सांगितलेलं तिथे करून बघता येतं.

१२. मोबाइलवर बघितलं तर चालणार नाही का?

ओळख होण्यापुरतं चालेल. आकार, कागदाचा पोत आणि दाणे, तिन्ही पडद्यावर हरवतात. तळहाताएवढं चित्र आणि दाराएवढं चित्र मोबाइलवर सारखंच दिसतं.

१३. चित्रात शाई, पेन्सिल, ॲक्रिलिकही आहे. मग त्याला जलरंग म्हणायचं का?

पेन्सिल आणि शाई जलरंगाबरोबर पूर्वापार चालत आली आहे. कांडिन्स्कीच्या कागदावरही ती आहे (प्रश्न १०). गुआश म्हणजे जलरंगाचाच अपारदर्शक भाऊ. ॲक्रिलिक पाण्यात कालवतात, पण वाळल्यावर ते पाण्याने परत सुटत नाही, म्हणून पाटीवर ‘मिश्र माध्यम’ लिहिणं प्रामाणिकपणाचं. पातळ केलेलं ॲक्रिलिक जलरंग म्हणून विकलं जातं, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी ओळखणं सोपं नसतं. सरळ विचारा.

१४. विकत घेताना हे मूळ चित्र आहे की प्रिंट, हे कसं ओळखू?

आता जाड पोताच्या कागदावर इतके उत्तम डिजिटल प्रिंट निघतात की लांबून फसायला होतं. चित्र फ्रेमबाहेर काढून उजेडात तिरकं धरायला सांगा. मूळ चित्रात रंगाचे दाणे कागदाच्या खळग्यांप्रमाणे साचलेले असतात. प्रिंटमध्ये दाण्यांचं चित्र एकीकडे आणि कागदाचे खळगे दुसरीकडे. भिंगातून छपाईचे ठिपके दिसतात. मूळ कागद पाण्याने थोडा लहरलेला असतो, पाठीमागे कधी रंग ओघळलेला असतो. खाली पेन्सिलने १२/५० असा आकडा असेल तर ती पन्नास प्रतींतली बारावी प्रत. प्रिंट घेण्यात गैर काही नाही, फक्त किंमत प्रिंटची द्या.

१५. जलरंग उडतात म्हणे. आणि पावसाळ्यात बुरशी येते त्याचं काय?

दोन्ही खरं आहे, दोन्हींवर उपाय आहे. उडणं रंगद्रव्यावर अवलंबून असतं. पारंपरिक अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल आणि झगझगीत गुलाबी रंग प्रकाशात लवकर फिके पडतात. अल्ट्रामरीन, गेरूच्या जातीचे मातीचे रंग वर्षानुवर्षं टिकतात. चांगल्या ट्यूबवर टिकाऊपणाची खूण छापलेली असते. संग्रहालयं कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्स इतकाच मंद प्रकाश देतात. घरात एवढं जमणार नाही, पण थेट ऊन येणारी भिंत टाळा, आणि परवडत असेल तर अतिनील किरण अडवणारी काच लावा.

बुरशीसाठी महत्त्वाचं म्हणजे चित्र काचेला टेकता कामा नये. मधे माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा, तोही ॲसिड-फ्री. साध्या पुठ्ठ्याने कागद कडेने पिवळा पडतो. मुंबई-कोकणात बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका, फ्रेमच्या मागे हवा खेळेल एवढी फट ठेवा. फ्रेमवाल्याला दोन गोष्टी आधीच बजावून सांगा: कागद गोंदाने प्लायवर चिकटवायचा नाही, आणि लॅमिनेशन तर अजिबात नाही. नंतर ते सोडवणं जवळपास अशक्य असतं. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढ्यावर चित्र नीट लटकतं.

१६. उलटं टांगलं तर कोणाला कळेल का?

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९६१ साली फ्रेंच चित्रकार मातीसचं ‘ल बातो’ (म्हणजे होडी) हे कागद कापून केलेलं चित्र ४७ दिवस उलटं लटकत होतं. तेव्हा प्रश्न अगदीच थट्टेवारी नेण्यासारखा नाही. जलरंगात मात्र पुरावा सापडतो. बोर्ड तिरका असेल तर रंग खाली ओघळून तळाच्या काठाशी साचतो आणि तिथे गडद पट्टी राहते. ती वरच्या बाजूला दिसली तर शंका घ्या.

पण शंकाच. पुष्कळ चित्रकार काम करताना कागद फिरवत राहतात, ओघळ मुद्दाम चारही दिशांना सोडतात. क्लेने तर काही वेळा पुरं झालेलं चित्र कापून त्याचे तुकडे वेगळ्या क्रमाने चिकटवले. आणि कांडिन्स्कीने लिहून ठेवलंय की एकदा संध्याकाळी स्टुडिओत शिरताना त्याला एक विलक्षण सुंदर चित्र दिसलं, आणि मग कळलं की ते त्याचंच, आडवं उभं करून ठेवलेलं होतं. सही कुठे आहे ते बघा, हे सोपं उत्तर. सही पाठीमागे असेल तर तिथल्या बाणावर विश्वास ठेवा.

१७. सगळे वाखाणतायत, मला मात्र काहीच वाटलं नाही. दोष माझा का?

नाही. दुसऱ्या प्रश्नात सांगितलेलं सगळं करून झालं आणि तरी चित्र गप्प राहिलं, तर पुढे जा. ‘चांगलं आहे पण मला आवडलं नाही’ आणि ‘आवडलं पण काही खास नाही’ ही दोन्ही मतं बाळगायला हरकत नसते. वहीत ‘अप्रतिम!’ लिहायची सक्तीही नसते.

१८. एका चित्रकाराने एकसारखी वीस चित्रं लावली होती. हे पाट्या टाकणं नाही का?

असू शकतं. पण मालिका ही जलरंगाची जुनी गरज आहे. एकाच कागदावर दुरुस्ती करता येत नाही (प्रश्न ४), म्हणून दुरुस्ती पुढच्या कागदावर होते. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफने १९१७ मध्ये टेक्ससमध्ये असताना सपाट माळावर उजाडतानाचा प्रकाश जलरंगात तीनदा केला. एकात एक बसलेल्या निळ्या कमानी, खाली क्षितिजाशी उजळ पट्टा. अगदी हद्दीवरची चित्रं (प्रश्न १). शेजारी शेजारी बघितली की कळतं, बदलतंय ते कमानींमधलं अंतर आणि कागद किती राखला ते.

वीस चित्रांपुढे उभे असाल तर ओळीने जाऊ नका. सगळ्यात आवडलेलं एक आणि सगळ्यात फसलेलं वाटणारं एक निवडा आणि त्या दोघांमध्ये काय बदललंय तेवढं शोधा. काहीच बदललेलं सापडलं नाही, तर पाट्याच टाकल्यात.